खडीच्या अंगणात तयार झालेली व्हॉली: हेझल वाइटमनचं करिअर

कराडच्या एका ताईंनी विचारलंय की त्यांची मुलगी १४ वर्षांची आहे, टेनिस सुरू करून जेमतेम दीड वर्ष झालंय, उंची कमी, गावात एकच कोर्ट आणि तेही उखडलेलं, आणि तिथल्या सरांनी सांगून टाकलं की आता उशीर झालाय, फार तर डबल्स खेळेल. ताईंनी कुठेतरी हेझल वाइटमन नावाच्या जुन्या अमेरिकन चॅम्पियनबद्दल वाचलं की तिने सोळाव्या वर्षी रॅकेट हातात घेतली आणि तरी देशाची विजेती झाली. तर हे खरं आहे का, तिचं करिअर नेमकं कसं होतं, आणि आजच्या मुलीला त्याचा काही उपयोग आहे का, असे तीन प्रश्न आहेत.

ताई, मी २६ वर्षं टेनिस शिकवतेय, त्यातली बहुतेक वर्षं मुलींनाच, आणि हेझल वाइटमन हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, निवांत वाचा. आणि ते "फार तर डबल्स" वाचून मला मनापासून वाईट वाटलं, त्याबद्दलही पुढे बोलतेच.

हो, खरं आहे. लग्नाआधीचं तिचं नाव हेझल हॉचकिस. जन्म २० डिसेंबर १८८६, कॅलिफोर्नियातलं हील्ड्सबर्ग नावाचं छोटं गाव. लहानपणी तब्येतीने नाजूक होती, डॉक्टरांनी सांगितलं की हिला घरात बसवू नका, मोकळ्या हवेत खेळू द्या. घरात भाऊ चार, ही एकटी बहीण, मग काय, भावांबरोबर जे चालेल ते खेळायची. १९०० च्या सुमारास कुटुंब बर्कलीला राहायला आलं आणि तिथे १९०२ मध्ये, म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षी, टेनिसशी तिची गाठ पडली.

ती गाठ कशी पडली हे मी माझ्या प्रत्येक बॅचला सांगते. सान राफेलला पॅसिफिक कोस्टची मोठी स्पर्धा भरायची, ती बघायला ही गेली. त्या वेळी कॅलिफोर्नियात सटन बहिणींचा दबदबा होता, त्यांची मॅच हिने पाहिली आणि हिला ती चक्क कंटाळवाणी वाटली. दोघी आपापल्या बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, उभ्या, बॉल इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग पुरुषांची डबल्स सुरू झाली, चारही जण नेटपाशी, बॉल जमिनीला लागायच्या आत उडवतायत, डोळ्याचं पातं लवतंय न लवतंय तोवर पॉइंट संपलेला. हे बघून ती म्हणाली असणार की खेळायचं तर हे. लक्षात घ्या, त्या काळी बायकांनी नेटपाशी जायचं हा प्रकार जवळपास नव्हताच, अंगात पायघोळ स्कर्ट, आत आणखी कपडे, लांब बाह्या, त्या वेषात मागे उभं राहून सरळ फटके मारणं एवढंच बाईला शोभतं अशी समजूत. हिने पहिल्याच दिवशी जो खेळ डोक्यात घेतला तो पुरुषांच्या डबल्सचा होता.

आता ते अंगण. बर्कलीच्या घरी कोर्ट वगैरे काही नव्हतं, घराशेजारची खडी टाकलेली जागा होती. खडीवर टेनिस बॉल टाकून बघा एकदा, खरंच बघा, मी पोरांना घेऊन पार्किंगमध्ये जाते आणि टाकून दाखवते. एक बॉल सरळ उठतो, दुसरा डावीकडे पळतो, तिसरा उठतच नाही. अशा जागेवर ग्राउंडस्ट्रोकची, म्हणजे टप्पा पडल्यावर मारायच्या फटक्याची, सवय लागूच शकत नाही कारण टप्पा कुठे जाणार हे देवालाच माहीत. मग एकच मार्ग उरतो, टप्पा पडूच द्यायचा नाही. हेझल आणि तिचे भाऊ तेच करायचे, बॉल हवेतच घ्यायचा, हवेतच परत द्यायचा. आणि कोणी खेळायला नसेल तेव्हा घराच्या भिंतीवर एकटी, तिथेही खाली पडू न देता. टप्पा पडायच्या आत हवेतच मारलेला हा फटका म्हणजे व्हॉली, आणि पुढे जिला अमेरिकेत बायकांच्या टेनिसमध्ये व्हॉली आणणारी म्हणून ओळखलं गेलं, तिची व्हॉली कुठल्या कोचने शिकवलेली नाही, त्या खराब जमिनीने शिकवलीय.

खरं कोर्ट जवळपास एकच होतं, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आवारात, आणि तिथला नियम असा की सकाळी आठनंतर मुलींना प्रवेश नाही. मग ही मंडळी पहाटे उठून सहाच्या सुमाराला कोर्टावर हजर, आठ वाजले की चंबूगबाळं आवरून बाहेर. हे वाचते तेव्हा मला माझी सुरुवातीची वर्षं आठवतात, मी ज्या क्लबवर शिकवायला लागले तिथे संध्याकाळची कोर्ट्स मेंबर काकांची, मुलींना दुपारी अडीच ते चार, एप्रिलच्या उन्हात. तीन वर्षं अर्ज करत होते, तेव्हा कुठे एक कोर्ट सकाळचं मिळालं. सांगायचा मुद्दा, तुमच्या गावातलं एक उखडलेलं कोर्ट ही अडचण आहेच, पण त्यावर काय करता येत नाही यापेक्षा काय करता येतं ते आधी बघूया.

मग करिअर. सुरू केल्यावर काही महिन्यांतच ती डबल्समध्ये जिंकायला लागली, सिंगल्सला वेळ लागला, कारण समोर मे सटन होती. मे आणि हेझल एकाच वर्षी जन्मलेल्या, पण मे आधीच खूप पुढे, १९०४ ची अमेरिकन विजेती, आणि १९०५ मध्ये विंबल्डन जिंकणारी पहिली अमेरिकन. हेझल तिच्याकडून हरली, परत हरली, आणखी हरली. मे चा फोरहँड जबर होता, टॉपस्पिनचा, खाली उतरून उसळणारा. असा बॉल बेसलाइनवरून खेळत बसलात तर मेलातच, म्हणून हेझल आणखी हट्टाने पुढे येत राहिली. पुढे १९१० पासून ती मे ला हरवायलाही लागली आणि १९११ मध्ये कॅनडात नायगारा-ऑन-द-लेकला दोघींची जी फायनल झाली ती टेनिसवेड्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिला सेट हेझलला ०-६. दुसऱ्यात १-५. म्हणजे एक गेम गेला की संपलं. तिथून तिने सलग बारा गेम घेतले, ०-६, ७-५, ६-० अशी मॅच जिंकली. सलग बारा! समोर विंबल्डन चॅम्पियन!

१९०९ मध्ये ती पहिल्यांदा पूर्व किनाऱ्यावर राष्ट्रीय स्पर्धा खेळायला गेली, फिलाडेल्फिया क्रिकेट क्लबवर. कॅलिफोर्नियातून तिकडे जायचं म्हणजे रेल्वेने अख्खा देश ओलांडायचा, आणि तिथे कोर्ट गवताचं. गवतावर टप्पा खाली राहतो, घसरतो, कधी बुंध्याला लागून वेडावाकडा जातो, आणि ही मुलगी टप्पा पडू न देण्यातच तयार झालेली, म्हणजे बाकीच्यांना जे गवत त्रास देत होतं ते हिच्या पथ्यावर पडलं. सिंगल्सला गतविजेती मॉड बार्जर-वॉलॅकला ६-०, ६-१ हरवलं, शिवाय डबल्स आणि मिक्स्डही (स्त्री-पुरुष जोडीची डबल्स) जिंकली. तिन्ही! १९१० ला परत तिन्ही. १९११ ला परत तिन्ही. तीन वर्षं ओळीने राष्ट्रीय स्पर्धेतली तिन्ही विजेतेपदं एकाच बाईकडे. त्यात १९११ चा किस्सा असा की तिन्ही फायनल एकाच दिवशी खेळाव्या लागल्या. सिंगल्सची फायनल मे ची बहीण फ्लॉरेन्स सटनशी, ८-१०, ६-१, ९-७, म्हणजे ४१ गेम, आणि ते संपवून इलिओनोरा सिअर्सबरोबर डबल्स, मग वॉलेस जॉन्सनबरोबर मिक्स्ड. त्या पायघोळ कपड्यांत. आज आमच्या पोरी दोन मॅच एका दिवशी पडल्या तरी तोंड पाडतात, त्यांना मी हा दिवस तासाभराच्या हिशेबात समजावून सांगते, कधी जेवली असेल, कधी बूट बदलले असतील.

अजून एक रेकॉर्ड सांगते ते ऐकून विश्वास बसत नाही. १९१० मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या स्पर्धेत तिने एक मॅच ६-०, ६-० अशी जिंकली आणि त्यात एकही पॉइंट गमावला नाही. गेम नाही म्हणत मी, पॉइंट. ४८ पैकी ४८. समोरची कितीही कच्ची असू दे, ४८ पॉइंटमध्ये स्वतःकडून एकसुद्धा बॉल नेटमध्ये नाही, एक डबल फॉल्ट नाही, हे करून दाखवणं म्हणजे काय ते शिकवणाऱ्यालाच कळतं. तुमच्या मुलीला सांगा, सर्व्हिस बॉक्समध्ये ओळीने ४८ बॉल नुसते टाकून दाखव, समोर कोणी नसताना.

त्याच १९११ मध्ये ती बर्कलीतून पदवीधर झाली, १९१२ ला बॉस्टनच्या जॉर्ज वाइटमनशी लग्न झालं आणि ती मॅसॅच्युसेट्सला गेली. इथे बऱ्याच जणींची गोष्ट संपते, आपल्याकडे आजही संपते, मी किती मुली बघितल्यात. हिची गोष्ट इथे नीट सुरू होते. पाच मुलं झाली, आणि मधल्या मधल्या वर्षी ती परत कोर्टावर. १९१५ ला परतली तेव्हा सिंगल्सच्या फायनलपर्यंत गेली आणि नॉर्वेहून आलेल्या मोला ब्यूर्स्टेटकडून हरली, पहिला सेट घेऊन हरली, ४-६, ६-२, ६-०, पण डबल्स आणि मिक्स्ड दोन्ही जिंकली. स्कोअर बघा म्हणजे कळेल, दुसऱ्या-तिसऱ्या सेटला दम पुरला नाही, बाळंतपणातून आलेलं शरीर आहे, पण नेटपाशी दोन पावलांच्या खेळात ती अजूनही देशात पहिली. आणि १९१९ मध्ये, ३२ व्या वर्षी, मुलांची आई असताना, सिंगल्सचं राष्ट्रीय विजेतेपद चौथ्यांदा जिंकलं, मॅरियन झिंडरस्टाइनला ६-१, ६-२ हरवून.

ताई, आता मी खरं तर ज्यासाठी हे लिहायला बसले त्यावर येते. हेझलची ग्रँड स्लॅम विजेतेपदं मोजली तर १७ होतात. त्यात सिंगल्स फक्त ४. डबल्स ७, मिक्स्ड ६. म्हणजे १७ पैकी १३ जोडीदाराबरोबर. आणि तिला टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये १९५७ साली घेतलं ते "फार तर डबल्स" खेळणारी म्हणून नाही, या खेळाच्या सर्वात मोठ्या बायकांपैकी एक म्हणून. डबल्स हा उरलेल्यांचा खेळ आहे ही समजूत आपल्याकडे फार घट्ट बसलीय, आणि गंमत म्हणजे ज्या देशाने जगाला लिअँडर, भूपती, सानिया दिले त्या देशात बसलीय. डबल्सला वेगळं डोकं लागतं, वेगळे पाय लागतात, आणि बुटक्या, चपळ, समोरच्याच्या खांद्यावरून बॉलची दिशा ओळखणाऱ्या मुलीला त्यात खरोखर जागा असते. हेझल स्वतः जेमतेम पाच फुटांची होती.

तिची डबल्स समजायची तर १९२४ साल बघायला हवं. तिचं वय ३७. जोडीदार हेलन विल्स, वय १८, ती पण बर्कलीचीच, आणि तिला लहान असताना व्हॉली आणि पायांची हालचाल हेझलनेच शिकवलेली. हेलन पुढे सिंगल्समधली राणी झाली, १९ मोठी विजेतेपदं, पण तिचा जीव बेसलाइनवर, पुढे यायची नाही, आणि पळण्यात थोडी जड. दोघींनी वाटणी अशी केली की मागून जोरदार फटके हेलनचे आणि पुढचं सगळं हेझलचं, आणि हेझल नेटपाशी उभी राहून ओरडायची, "पळ, हेलन!" हे ओरडणं त्या काळात प्रसिद्ध होतं. त्या वर्षी दोघींनी विंबल्डनची डबल्स जिंकली, पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकलं, अमेरिकन राष्ट्रीय डबल्स जिंकली. जोडी म्हणून त्या कधी हरल्याच नाहीत.

त्याच ऑलिंपिकमध्ये मिक्स्डचं सुवर्णही हेझलचं, आणि ती मॅच कोचसाठी धडाच आहे. जोडीदार नॉरिस विल्यम्स, हाच तो जो १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली त्यातून वाचलेला, बर्फाळ पाण्यात राहून पाय गमवायची वेळ आलेली, आणि तरी पुढे दोनदा अमेरिकन चॅम्पियन झालेला. तर पॅरिसला त्याचा घोटा दुखावला, त्याला पळता येईना, तो सोडून द्यायच्या विचारात. हेझलने सांगितलं, तू नेटपाशी उभा राहा, पळायचं काम मी बघते. आणि ३७ वर्षांची पाच फुटी बाई मागचं अख्खं कोर्ट पळाली, ज्या बाईचं आयुष्य नेटवर गेलं ती त्या दिवशी बेसलाइनवर. फायनल ६-२, ६-३. त्यानंतर टेनिस ऑलिंपिकमधून जे गेलं ते थेट १९८८ ला पदकांच्या खेळात परत आलं, आणि मिक्स्ड तर २०१२ ला, म्हणजे ८८ वर्षं ती दोघं गतविजेती राहिली म्हणायची!

वाइटमन कपबद्दल थोडक्यात, कारण त्याबद्दल सगळीकडे मिळतं. पुरुषांना डेव्हिस कप आहे तर बायकांना देशा-देशांची स्पर्धा का नाही, या विचाराने तिने १९२० च्या आसपास स्वतः एक चांदीचं पात्र दिलं. तेव्हा पैशाअभावी सगळे देश काही आले नाहीत, शेवटी १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सचं नवीन स्टेडियम उघडायचं होतं तेव्हा अमेरिका विरुद्ध ब्रिटन अशी सुरुवात झाली, पाच सिंगल्स आणि दोन डबल्स, अमेरिका ७-० जिंकली आणि हेझल स्वतः त्या टीममध्ये खेळली. पुढे बरीच वर्षं ती कॅप्टन होती. स्पर्धा १९८९ पर्यंत चालली. १९६३ मध्ये बायकांसाठी फेडरेशन कप सुरू झाला तेव्हा ती ७६ वर्षांची होती, म्हणजे तिने मागितलेली गोष्ट यायला चाळीस वर्षं लागली, पण ती तिला बघायला मिळाली.

मला मात्र चांदीच्या कपापेक्षा तिचं घर जास्त जवळचं वाटतं. बॉस्टनजवळ चेस्टनट हिलला तिचं घर होतं, लाँगवुड क्रिकेट क्लबपासून जवळच, आणि तिथे स्पर्धा असली की बाहेरगावच्या मुलींना राहायला हे घर. खोल्या भरल्या की जमिनीवर गाद्या, तिथेच जेवण, तिथेच बुटांचा ढीग, तिथेच उद्याच्या मॅचची चर्चा. ज्यांच्याकडे हॉटेलचे पैसे नव्हते अशा कितीतरी पोरी तिथून खेळून मोठ्या झाल्या. क्लबवर ती मुलांना फुकट शिकवायची, वर्षानुवर्षं. सेरा पाल्फ्री ही तिच्या हाताखालची, पुढे दोनदा अमेरिकन सिंगल्स चॅम्पियन आणि डबल्समध्ये तर केवढी मोठी. तिच्याकडे आणखी एक पद्धत होती, इंग्रजी वर्णमालेच्या प्रत्येक अक्षरावरून एक सूचना, सतत सावध राहा, लक्ष एकवटा, अशी, म्हणजे लहान मुलीला मॅचमध्ये आठवायला सोपं. मी तेच आमच्या बाराखडीवर करून बघितलंय, "क" म्हणजे कोपर पुढे, "ग" म्हणजे गुडघे वाकव, "न" म्हणजे नजर बॉलवर, आणि आठ-नऊ वर्षांच्या पोरींना ते पटकन लागतं.

इथे मला आपल्या एका माय-लेकींची आठवण होते. पंडिता क्षमा राव, पुण्यात जन्मलेल्या, संस्कृतच्या मोठ्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो, त्या टेनिसही उत्तम खेळायच्या, आणि त्यांची मुलगी लीला राव १९३४ मध्ये विंबल्डनला सिंगल्सची मॅच जिंकणारी पहिली भारतीय महिला. हेझलच्याच काळातली गोष्ट, फक्त तिकडे त्या घरातून क्लब, टीम, कप असं सगळं उभं राहिलं आणि इकडे त्या एका विजयानंतर आपल्याला किती वर्षं थांबावं लागलं. घरातली एक खेळलेली बाई पुढच्या मुलीला किती पुढे नेऊ शकते हे दोन्हीकडे सारखंच दिसतं.

हेझल थांबली मात्र कधीच नाही. १९३० मध्ये स्क्वॉशची राष्ट्रीय विजेती, वय ४३. इनडोअर टेनिसची डबल्स परत परत. चाळिशीच्या पुढच्या गटातली राष्ट्रीय डबल्स तर ती १९५४ पर्यंत जिंकत होती, तेव्हा वय ६७. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९०९ चं आणि शेवटचं १९५४ चं, मधे ४५ वर्षं! १९७३ मध्ये ब्रिटनने तिला मानाची पदवी दिली आणि ५ डिसेंबर १९७४ ला, ८८ वा वाढदिवस पंधरा दिवसांवर असताना, ती गेली.

आता तिसरा प्रश्न, तुमच्या मुलीचं काय. सरळ सांगते, १९०२ आणि आज यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आज पंधराव्या वर्षी सुरू करून सिंगल्समध्ये जगाच्या पहिल्या शंभरात जाणं जवळपास होत नाही, पाच-सहा वर्षांच्या पोरी आठवड्याला पंधरा तास खेळतायत, रॅकेट-स्ट्रिंगमुळे बेसलाइनवरून जो वेग आणि स्पिन येतो तो तेव्हा लाकडी रॅकेटला शक्यच नव्हता, त्यामुळे नुसतं नेटवर धावून जाणाऱ्याला आता पासिंग शॉट, म्हणजे बाजूने निघून जाणारे फटके, बसतात. हे लपवून मी तुम्हाला हुरूप देणार नाही. पण राज्य पातळी, विद्यापीठ, आंतर-महाविद्यालयीन, आणि पुढे कोचिंग, अंपायरिंग, हे सगळं १४ वर्षांच्या मुलीसाठी सताड उघडं आहे, आणि या पातळीवर मुलींच्या डबल्समध्ये मी वर्षानुवर्षं एकच चित्र बघते, चौघीही बेसलाइनवर. हेझलला १९०२ मध्ये जे कंटाळवाणं वाटलं होतं तेच. अशा ठिकाणी जी मुलगी निर्धास्तपणे नेटपाशी उभी राहू शकते तिला समोरच्या दोघी घाबरतात, हे मी खात्रीने सांगते.

तर कोर्ट उखडलेलं असेल तर रोज अर्धा तास भिंत धरा. घराची, शाळेची, कुठलीही सपाट. खडूने जमिनीपासून तीन फुटांवर आडवी रेघ मारा, नेटची मधली उंची तेवढीच असते. मुलीला भिंतीपासून साधारण सहा-सात पावलांवर उभं करा आणि बॉल खाली पडू न देता रेघेच्या वर मारत राहायला सांगा. पहिल्या आठवड्यात तीन-चारच्या पुढे जाणार नाही, रडेल, तरी चालू द्या. चूक नव्वद टक्के वेळा एकच असते, रॅकेट मागे नेते. व्हॉलीला मागे न्यायला वेळच नसतो, बेसलाइन ते नेट बारा मीटर सुद्धा नाही, आणि आजच्या मारात बॉल ते अंतर अर्ध्या सेकंदाच्या आसपास कापतो. म्हणून हात पुढेच ठेवायचा, जणू चेहऱ्यासमोर कोणी झेल दिलाय तो पकडायचाय, मनगट कडक, रॅकेटचं डोकं मनगटाच्या वर, आणि नुसता एक छोटा धक्का. मी मुलींना पाठ भिंतीला टेकवून उभं करते आणि समोरून हळू बॉल टाकते, रॅकेट मागे नेली की भिंतीवर खट्ट वाजतं, दोन दिवसांत सवय जाते. बुटक्या मुलीचा एक फायदा सांगते, खाली आलेल्या व्हॉलीला उंच मुलीला कंबरेतून वाकावं लागतं आणि तिथे तोल जातो, बुटकी गुडघ्यातून बसते आणि डोळे बॉलच्या रेषेत येतात. लॉबला, म्हणजे डोक्यावरून उंच टाकलेल्या बॉलला, मात्र तिला त्रास होणार, म्हणून नेटला अगदी चिकटून उभं राहायचं नाही, नेटपासून दोन-अडीच मीटर मागे, आणि समोरची मारणार त्या क्षणी पायांची छोटी उडी, दोन्ही पाय एकदम जमिनीवर, म्हणजे मागे-पुढे कुठेही सुटता येतं.

आणि दुसरं, तिला बोलायला शिकवा. आपल्या मुली डबल्समध्ये गप्प असतात, दोघींच्या मधून बॉल जातो आणि मग एकमेकींकडे बघतात. "माझा", "तुझा", "मागे", "सोड", एवढे चार शब्द मोठ्याने, पहिल्या दिवसापासून. मी जोडी लावते तेव्हा पहिले दहा मिनिटं बॉलच देत नाही, नुसतं हालायचं आणि ओरडायचं. शेजारच्या कोर्टवरचे वळून बघतात, बघू देत.

भिंतीवर ओळीने पन्नास व्हॉली झाल्या की मला कळवा, बाजूने काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ चालेल, पाय आणि कोपर दोन्ही दिसायला हवेत. पुढचं तेव्हा सांगते, आणि तोवर तिची डबल्सची जोडीदार कोण होऊ शकेल ते बघून ठेवा, जरा उंच आणि मागून जोरात मारणारी मिळाली तर फारच छान.